घातलेला गोंधळ आणि उडालेला गोंधळ

तासगाव तालुक्यातील एका शाळेत मी मराठी शिकवत असतानाची गोष्ट आहे. शाळा नुकतीच सुरू झाली होती. सातवीतील एक मुलगा गृहपाठ न करता आला आणि वर्गशिक्षिकेने कारण विचारल्यावर म्हणाला, “बाई, काल आमच्यात गोंधळ हुता.” बाई शहरात वाढलेल्या होत्या आणि आमच्या भागात त्याच महिन्यात रुजू झाल्या होत्या. त्यांनी मुलाला बाजूला घेतले आणि मायेने विचारले, घरात कोणाचे भांडण झाले का, तुला कोणी मारले का. मुलगा त्यांच्याकडे बघतच राहिला. शेवटी म्हणाला, “न्हाई बाई, दादाचं लगीन झालं न्हवं का, त्येचा गोंधळ. पहाटंपतूर हुता.”

बाईंचे काही चुकले नव्हते आणि मुलाचेही नाही. एकाच शब्दाचे दोन अर्थ दोघांच्या मनात होते आणि ते दोन्ही अर्थ मराठीत पक्के रुजलेले आहेत. वर्तमानपत्र उघडले तर सभेत गोंधळ, बाजार समितीत गोंधळ, निकालात गोंधळ अशा बातम्या रोज दिसतात, आणि त्याच दिवशी गावात कोणाच्या तरी दारात देवीच्या गोंधळाचा पाटही मांडलेला असतो. एवढा नित्याचा शब्द असल्यामुळे आपण तो उलगडून पाहत नाही. तो उलगडला तर भाषेतील एक सुंदर यंत्रणा दिसते आणि रोजच्या व्यवहारातील एक पळवाटही दिसते.

आधी विधी पाहू, कारण या शब्दाचे घर तेथे आहे. ज्या घराण्यांची कुलदेवता तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई किंवा अशीच एखादी देवी असते, त्या घरांत लग्नासारखे मंगलकार्य पार पडल्यावर देवीचा गोंधळ घालण्याचा कुलाचार असतो. तो रात्री होतो आणि तो घालण्याचा मान गोंधळ्यांचा असतो. परंपरेने गोंधळ्यांचे दोन वर्ग सांगितले जातात: तुळजाभवानीचे उपासक ते कदमराई आणि रेणुकेचे उपासक ते रेणुराई. परशुरामाने एका राक्षसाचा वध करून त्याच्या शिरापासून वाद्य बनवले आणि ते वाजवत तो आपल्या आईला, म्हणजे रेणुकेला, वंदन करायला आला, तेव्हापासून गोंधळ सुरू झाला अशी कथा गोंधळी सांगतात.

सोप्यात किंवा अंगणात जागा सारवून पाट मांडतात. पाटावर नवे वस्त्र अंथरून त्यावर तांदळाचा किंवा गव्हाचा चौक भरतात. चौकाच्या मधोमध पाण्याने भरलेला तांब्या, त्यावर विड्याची पाने आणि नारळ, भोवती सुपाऱ्या, खारका, हळकुंडे. पाटाच्या वर पाच ताटे उभी करून शेंड्याशी बांधतात. कोठे ती ज्वारीची असतात, कोठे उसाची. कृष्णाकाठी ऊस हाताशी असल्यामुळे आमच्याकडे बहुधा उसाचीच. मग दिवटी पेटते. मुख्य गोंधळ्याच्या गळ्यात कवड्यांची माळ असते, एकाच्या कमरेला संबळ असतो, दुसऱ्याच्या हातात तुणतुणे आणि तिसऱ्याकडे झांज. संबळ म्हणजे एकमेकांना जोडलेली लहानमोठी दोन चर्मवाद्ये. त्यांवर काठ्या पडू लागल्या की चार गल्ल्यांपलीकडे ऐकू जाते की आज कोणाच्या तरी घरी गोंधळ आहे.

यानंतर जे घडते त्याला कडक क्रम असतो. आधी गणाचे म्हणजे गणपतीचे स्तवन, मग देवतांना आवाहन, मग देवीची पदे, मग आख्यान आणि शेवटी आरती. आवाहनात एकेका क्षेत्राचे नाव घेऊन तेथील देवाला गोंधळाला बोलावले जाते. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर ही नावे सर्वत्र असतात. सांगली-साताऱ्याकडील गोंधळी त्यांत औंधची यमाई, मांढरदेवची काळूबाई, पालीचा खंडोबा, आरेवाडीचा बिरोबा आणि खरसुंडीचा सिद्धनाथ यांनाही घालतात. कोणाला विसरले तर तो देव रुसेल, म्हणून घरातील वडीलधारी माणसे हे आवाहन कान देऊन ऐकतात आणि एखादे नाव राहिले तर बसल्या जागेवरून आठवण करून देतात. आख्यानात मुख्य गोंधळी कथा सांगतो आणि साथीदार मध्ये मध्ये प्रश्न विचारून, कधी हसवून, ती पुढे नेतो. संत एकनाथांसारख्या कवीला आपल्या भारुडांसाठी गोंधळ आणि जोगवा ही रूपे घ्यावीशी वाटली, यावरून लोकमनात त्यांचे स्थान केवढे होते ते कळते.

अव्यवस्थेसाठी आपण जो शब्द रोज वापरतो, तो मुळात अशा आखीव कार्यक्रमाचे नाव आहे. मोल्सवर्थच्या १८३१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या मराठी-इंग्रजी कोशातही हे दोन्ही अर्थ आहेत: देवीच्या प्रीत्यर्थ होणारा विधी, आणि त्यावरून आलेला धांदल-गलबल्याचा लाक्षणिक अर्थ. ज्या विश्वकोशाचे काम साताऱ्याजवळ वाईत चालते, त्या मराठी विश्वकोशातील गोंधळाची नोंदही विधीचीच आहे. शब्दाचे मूळ याहून मागे नेता येते. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘गोंडली’ नावाच्या नृत्याचा उल्लेख आहे आणि तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने राहिलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त ‘गौण्डली’ येते. आजचा गोंधळ आणि हे जुने नृत्य यांचे नाते अभ्यासकांनी सुचवले आहे. मला स्वतःला यापेक्षाही बोलका पुरावा आमच्या जिल्ह्याच्या पूर्व टोकाला मिळतो. जत तालुक्यातील बाजारात एकच माणूस एका गिऱ्हाइकाशी मराठी आणि दुसऱ्याशी कन्नड बोलतो. कन्नडमध्ये ‘गोंदल’ म्हणजे संभ्रम, घोटाळा, आणि देवीची गाणी गाणारे ते ‘गोंदलिगरु’. म्हणजे विधी आणि अव्यवस्था यांची ही जोडी एकट्या मराठीची नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना हा शब्द तेच दोन अर्थ घेऊन वावरतो.

विधीचे नाव अव्यवस्थेला कसे मिळाले असेल, हे समजायला गोंधळाच्या रात्री दोनशे पावले दूर जाऊन उभे राहावे. जवळ बसलेल्याला गण कोठे संपला आणि आवाहन कोठे सुरू झाले ते कळते. दूरच्याला फक्त संबळाचा कडकडाट, एकात एक मिसळलेले आवाज, हलणाऱ्या दिवट्या, मध्येच “उदे गं अंबे उदे”चा गजर, एखाद्या बाईच्या अंगात आल्यावर झालेली धावपळ एवढेच ऐकू येते आणि दिसते. त्यात सगळ्या मुलखाचे देव एका अंगणात बोलावलेले. दुरून ऐकणाऱ्याच्या कानाला जे जाणवले, त्याचे नाव त्याने गलबल्याला दिले, असे मला वाटते. मराठीत हे एकाच शब्दाच्या बाबतीत झालेले नाही. भर रस्त्यात भांडणाऱ्याला आपण “तमाशा करू नकोस” म्हणतो, कारभाराचा पार विचका झाला की ‘खेळखंडोबा’ झाला म्हणतो, कंटाळवाणे लांबण लावणाऱ्याचे ‘भारूड’ होते, आणि तीच तक्रार पुन्हा पुन्हा करणारा ‘तुणतुणे’ वाजवतो. ‘हैदोस’ हा शब्द मोहरमच्या मिरवणुकीतील आरोळीवरून आल्याचे सांगतात. ज्या सांगली जिल्ह्यात कडेगावचे उंच ताबूत हिंदू आणि मुसलमान मिळून उचलतात, तेथे तरी या शब्दामागची श्रद्धा लक्षात राहायला हवी. लोकांच्या उपासनेची आणि करमणुकीची जवळजवळ सगळी रूपे आपल्या भाषेने कधी ना कधी बेशिस्तीच्या खात्यात टाकली आहेत.

आता क्रियापदांकडे येऊ, कारण शब्दाचा खरा अर्थ तेथे ठरतो. गोंधळ घातला जातो, उडतो, होतो आणि माजतो. ही चार क्रियापदे एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

‘घालणे’ हे क्रियापद विधीकडून आले आहे. गोंधळ घालतात, जागरण घालतात, फुगडी घालतात, पिंगा घालतात. या सगळ्यांत करणारा स्पष्ट असतो आणि तो मन लावून ते करतो. अव्यवस्थेच्या अर्थाने बोलतानाही ‘घालणे’ने हा गुण सोडलेला नाही. धिंगाणा, धुडगूस, थैमान, हैदोस, हुज्जत हे सगळे घातले जातात आणि घालणाऱ्याचे नाव सांगता येते. “पोरांनी वर्गात गोंधळ घातला” या वाक्यात पोरे सुटत नाहीत.

‘उडणे’चा परिवार वेगळा आहे. धांदल उडते, तारांबळ उडते, घाबरगुंडी उडते, झुंबड उडते, खळबळ उडते. यांतील एकही गोष्ट कोणी ठरवून करत नाही. वळीव आला आणि शेडवर वाळत टाकलेला बेदाणा झाकायला सगळे धावले, तर तेथे गोंधळ उडाला असे म्हणणे अगदी योग्य आहे, कारण पावसाला जबाबदार धरता येत नाही. ‘होणे’ याहून मवाळ आहे. “माझा गोंधळ झाला” म्हणजे माझ्या मनात दोन गोष्टींची सरमिसळ झाली. “मी गोंधळ घातला” म्हणजे माझ्यामुळे दुसऱ्यांना त्रास झाला. एका विभक्तीच्या आणि एका क्रियापदाच्या फरकाने माणूस संभ्रमात पडलेला ठरतो किंवा दोषी ठरतो. ‘माजणे’ तण माजते तसे आहे: आवरणारे कोणी नव्हते म्हणून वाढत गेले.

पळवाट म्हणालो ती येथे आहे. माझ्या वडिलांच्या जमिनीच्या उताऱ्यावर एकदा दुसऱ्याच कोणाचा गट क्रमांक चढला. संबंधित कार्यालयात गेलो तेव्हा खिडकीमागचे गृहस्थ अतिशय नम्रपणे म्हणाले, “काका, जरा गोंधळ झालाय बघा.” पुढचे आठ महिने मी जेवढ्या वेळा गेलो तेवढ्या वेळा हेच वाक्य ऐकले. ते गृहस्थ खोटे बोलत नव्हते. पण चूक म्हटले असते तर ती कोणत्या ओळीत आहे हे दाखवावे लागले असते, कोणत्या तारखेला आणि कोणाच्या हातून झाली हे पाहावे लागले असते, आणि ती दुरुस्त करण्याचा अर्ज ठरावीक नमुन्यात देता आला असता. गोंधळाला ओळ नसते, तारीख नसते आणि दुरुस्तीचा नमुनाही नसतो. अखेर मी अर्जात गोंधळ हा शब्द न वापरता “गट क्रमांकाच्या रकान्यात अमुक आकड्याऐवजी तमुक आकडा लिहिला गेला आहे” असे लिहिले, तेव्हा कागद हलला. तेव्हापासून सार्वजनिक कामात ‘गोंधळ झाला’ किंवा ‘गोंधळ उडाला’ असे वाचले की मी ते वाक्य मनात ‘घातला’ लावून पुन्हा वाचतो आणि कर्ता कोण असेल ते शोधतो. परीक्षेच्या बैठक क्रमांकांत गोंधळ उडाला, म्हणजे कोणी तरी एकाच क्रमांकाची दोन पत्रके छापली. मतदार यादीत गोंधळ झाला, म्हणजे कोणी तरी नावे वगळली किंवा दोनदा घेतली. यांतील काहीही पावसासारखे आभाळातून पडत नाही.

शेजारचे शब्द ओळखीचे असले की गोंधळावरचा भारही कमी होतो. आकड्यांची किंवा कामाच्या क्रमाची चूक असेल तर तो ‘घोळ’ असतो. हा शब्दही बहुरूपी आहे. साडीला घोळ असतो, रानात घोळाची भाजी मिळते आणि गोड बोलून एखाद्याला घोळात घेताही येते. वस्तू जागच्या जागी नसतील तर तो ‘पसारा’: पसरलेले ते सगळे, पण हरवलेले काही नाही, आवरले की संपले. वेळ थोडा आणि कामे फार असली की ‘तारांबळ’. हा शब्द मंगलाष्टकांत शेवटी येणाऱ्या “ताराबलं चंद्रबलं” या शब्दांवरून आल्याचे सांगतात. लग्नाची घटिका भरत आल्यावर मांडवात जी धावपळ होते ती पाहिलेल्याला ही व्युत्पत्ती पटते.

कारभारच बिघडला असेल तर मराठीत त्याला ‘अनागोंदी’ म्हणतात, आणि हे एका गावाचे नाव आहे. हंपीसमोर तुंगभद्रेच्या उत्तर काठावर आनेगुंदी आहे. १५६५ सालच्या तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगरचे वैभव लयाला गेले. पुढे आनेगुंदीला राहिलेल्या त्या घराण्याच्या वारसांकडे सत्ता उरली नव्हती, तरी ते मोठमोठ्या मुलखांच्या सनदा लिहून देत, अशी आख्यायिका आहे. कागदावर सर्व काही आणि जमिनीवर काहीच नाही, असा कारभार तो अनागोंदी. माझ्या वडिलांच्या उताऱ्याला हा शब्द गोंधळापेक्षा जवळचा होता. ‘भाऊगर्दी’चे नाते लोक पानिपतच्या सदाशिवरावभाऊंशी जोडतात, जुन्या मराठीत ‘गर्दी’ म्हणजे दाणादाण, कत्तल, दंगल असा अर्थ होता. आज निवडणुकीत उमेदवारांची भाऊगर्दी झाली असे लिहिणाऱ्याला १७६१ आठवत नाही.

काही जागी गोंधळ हा शब्द वापरूच नये. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातील मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. अशा घटनेबद्दल “यात्रेत गोंधळ उडाला” असे कोणी लिहिले की वाचवत नाही. चिंचोळी वाट, निसरड्या पायऱ्या, रेटारेटी, आग यांना त्यांची त्यांची नावे आहेत आणि ती घेतली तरच पुढच्या यात्रेची व्यवस्था नीट करता येते. घरातील वयस्कर माणसाबद्दलही तेच. आजोबा कालपर्यंत व्यवस्थित बोलत होते आणि आज अचानक दिवस-रात्र ओळखत नाहीत, घरच्यांना भलत्या नावाने हाक मारतात, तर “वयामुळं गोंधळल्यागत करत्यात” म्हणून थांबू नये. अचानक आलेला असा संभ्रम पक्षाघात, रक्तातील साखर घसरणे किंवा शरीरात कोठे तरी झालेला जंतुसंसर्ग यांचे लक्षण असू शकतो आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते. तेथे योग्य शब्द ‘आजार’ हाच.

आणखी एका वापराने मला मनापासून वाईट वाटते. सभा उधळणाऱ्यांना मथळ्यांत ‘गोंधळी’ म्हणण्याची सवय झाली आहे. गोंधळी हे एका समाजाचे नाव आहे. महाराष्ट्रात तो भटक्या जमातींच्या यादीत आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या देवीची गाणी गाऊन त्याने आपल्या घरांतील मंगलकार्ये पूर्ण केली आहेत. त्या समाजातील मुले शाळेत जातात, मथळे वाचतात. ‘गोंधळ घालणारे’ असे दोन शब्द लिहिले तर जागा थोडी जास्त जाते आणि अर्थात काही उणे पडत नाही. मी शाळेत असताना फळ्यावर हे दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी लिहून दाखवत असे, आणि वर्गात गोंधळी आडनावाचे मूल असले की त्या दिवशी ते जरा ताठ बसलेले दिसे.

त्या सातवीतल्या मुलाच्या घरी पुढे त्याच्या बहिणीच्या लग्नानंतर गोंधळ झाला, तेव्हा मला आमंत्रण होते आणि बाईंनाही. बाई आजीजवळ बसल्या आणि आजी त्यांना प्रत्येक आवाहनाच्या वेळी तो देव कोठला ते सांगत होती. पहाटे आरती झाली. चौकातले धान्य, नारळ आणि दक्षिणा गोंधळ्यांच्या पदरात पडली, उसाची ताटे सोडून पोरांना वाटली गेली. सोप्यात सतरंज्या, चहाचे कप, विझलेल्या दिवटीचे तेल, झोपलेली चिल्लीपिल्ली असे सगळे पडले होते. बाई उठायला लागल्या, तशी आजी सुनांकडे वळून म्हणाली, “झाला बाई गोंधळ नीट. आता त्यो पसारा आवरा गं.”